दोन कमानींमधलं अंतर

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी विषय दिला 'नजर'. फोनवर त्या म्हणाल्या, "दृष्ट, पहारा, पाळत, काहीही चालेल. पण जाऊन, बघून लिही." मला पहिल्यांदा आठवली ती मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या लोखंडी कमानींवरची नजर. महिन्यातून दोनदा तरी मी त्यांच्याखालून जाते. कमान दिसली की गाडीतलं बोलणं थांबतं, चालवणारा काट्याकडे बघतो, मागच्या सीटवरून कुणीतरी "कॅमेरा, कॅमेरा" म्हणून ओरडतं. कमान मागे पडली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

त्या कमानीवर टिपलेला फोटो पुढे कुठे जातो, तो कोण बघतं, त्याचं चलान कसं होतं आणि ते ज्याच्या नावावर फाटतं त्याच्या घरी काय होतं, एवढंच बघायचं ठरवलं. सुरुवात केली ट्रकच्या केबिनमधून.

घाट उतरताना

पहाटे पाचला चाकणहून निघालो. ट्रेलरवर गाड्यांचे सुटे भाग भरलेला कंटेनर होता, तो उरणच्या जेएनपीटी बंदरात पोचवायचा होता. ड्रायव्हर बीड जिल्ह्यातला, आष्टी तालुक्यातला. वीस वर्षं स्टिअरिंगवर. केबिनमध्ये तुळजाभवानीचा फोटो, शेजारी मुलीच्या दहावीच्या निकालाची लॅमिनेट केलेली प्रत. "बसा ताई, पंखा लावू का?" असं विचारून त्यांनी डॅशबोर्डवरचा इवलासा पंखा माझ्याकडे वळवला.

उर्से टोलनाका ओलांडला आणि ट्रेलर डावीकडच्या लेनला लागला. जड वाहनानं त्या लेनमधून चालायचं हा नियम जुनाच, पण तो आता कॅमेऱ्यालाही कळतो. १९ जुलै २०२४ पासून या रस्त्यावर 'आयटीएमएस' नावाची यंत्रणा सुरू झाली. वेगापासून सीटबेल्टपर्यंत आणि लेन तोडण्यापासून गाडी चालवताना मोबाईल कानाला लावण्यापर्यंत सतरा प्रकारचे नियमभंग ती टिपते. सपाटीवर मोटारींना ताशी १०० किलोमीटर आणि जड वाहनांना ८०. बोरघाटात मोटारींना ६० आणि ट्रक-ट्रेलरना ४०.

लोणावळा मागे पडलं आणि उतार लागण्याच्या आधीच ड्रायव्हरदादांनी गिअर उतरवला. इंजिन घुमायला लागलं. "ह्यो आवाज येतोय ना, त्योच खरा ब्रेक हाय," ते म्हणाले. "घाटात गाडी इंजिनावर उतरवायची, पायावर नाय. काही पोरं डिझेल वाचवायला न्यूट्रल मारत्यात. मग सगळा बोजा ब्रेकवर येतो. लायनर तापतंय, जळका वास सुटतो आन् मग पाय दाबला तरी गाडी ऐकत नाय."

बोरघाटातल्या मोठ्या अपघातांच्या बातम्यांत 'ब्रेक निकामी झाल्याने' हे शब्द आपण कितीदा वाचतो. ब्रेक बहुतेक वेळा आपोआप निकामी होत नाहीत, ते तापून दमतात. भरलेला ट्रेलर खालच्या गिअरमध्ये चाळीसच्या आसपास उतरत असेल तर ब्रेक मधूनमधूनच दाबावा लागतो. म्हणजे त्या ४०च्या पाटीमागे यंत्राचा हिशेब आहे. तो हिशेब पाटीवर लिहिलेला नसतो आणि ड्रायव्हरला कुणी समजावूनही सांगत नाही. दादांना तो कळलाय तो वीस वर्षांच्या उतारांवरून.

आमच्या उजवीकडून मोटारी सपासप जात होत्या. पुढे कमान आली. एकापाठोपाठ एक मागचे लाल दिवे लागले, रांग दबली, कमान ओलांडली आणि रांग पुन्हा सुटली. कॅमेऱ्यापुरता ब्रेक. त्या अचानक दबणाऱ्या रांगेच्या मागे भरलेला ट्रक असेल तर काय होईल, हे केबिनच्या उंचीवरून बघताना पोटात गोळा आला.

"तुम्हाला चलान आलंय कधी?" मी विचारलं.

"लई वेळा. उतारात काटा चाळीसचा पंचेचाळीस व्हायला कितीसा येळ लागतो? पन मला येत नाय ते. शेठच्या मोबाईलवर येतं. दिवाळीच्या हिशेबाला शेठ सांगतो, चार हजार कापले, आठ हजार कापले. कवाचं, कुठलं, काय म्हाईत नाय. फोटो कधी दावला नाय कुणी."

घाटातली ही मर्यादा जड वाहनांसाठी थोडी वाढवावी, अशी वाहतूकदारांची मागणी आहे. तिचा निकाल अभियंत्यांनी उतार आणि वजन मोजून लावावा. मला मात्र दादांचं शेवटचं वाक्य कळंबोली येईपर्यंत सोडेना. ज्याच्या हातात स्टिअरिंग त्याला फोटोच दिसला नाही, तर पुढच्या वेळी तो काय बदलणार?

बहात्तर सेकंद

वेग मोजण्याचं यंत्र घडवलं ते वेगाच्या वेडापायी. मॉरिस गात्सोनिदेस हा डच रॅलीपटू. १९५३ साली त्यानं माँते कार्लो रॅली जिंकली होती. वळणावर आपण नेमके किती वेगानं जातो आणि कुठे कमी पडतो, हे कळावं म्हणून तो मोजणीच्या खटपटीला लागला. त्यातूनच पुढे 'गात्सोमीटर' आलं आणि जगभरच्या पोलिसांनी ते उचललं.

आजचे कॅमेरे दोन तऱ्हांनी मोजतात. एक तऱ्हा म्हणजे जागेवरचा वेग. रडारची लहर गाडीवर आपटून परत येते, तिच्यातल्या फरकावरून त्या क्षणाचा वेग कळतो. कमानीपुरता ब्रेक दाबणारा यातून सुटतो. दुसरी तऱ्हा सरासरी वेगाची. पहिल्या कमानीखालून गाडी गेली की नंबरपाटी वाचली जाते आणि वेळेची नोंद होते, पुढच्या कमानीखाली पुन्हा तेच. समजा दोन कमानींमध्ये दोन किलोमीटर आहेत. ताशी १०० नं जाणाऱ्याला ते कापायला ७२ सेकंद लागायला हवेत. तुम्ही ६० सेकंदांत पोचलात तर तुम्ही सरासरी १२० नं आलात. दोन्ही कमानींखाली कितीही साळसूदपणे ब्रेक दाबलेला असो. इथे मध्ये रडार नाही की अंदाज नाही, चौथीतल्या मुलाला येणारा भागाकार आहे.

सरासरीची पद्धत मला जास्त न्यायाची वाटते. ओव्हरटेक करताना क्षणभर वाढलेला वेग ती माफ करते आणि रेटून हाकणाऱ्याला पकडते. कमानीजवळची ती धोक्याची दबादबीही तिच्यामुळे कमी होते, मात्र चालकांना ती ठाऊक असायला हवी. 'येथून सरासरी वेग मोजला जातो' असं मोठ्या मराठी अक्षरांत, दर टप्प्याला लिहिलेलं दिसायला हवं.

पण यंत्र बरोबर मोजतं हे कशावरून? किराणा दुकानातल्या तराजूवर आणि पेट्रोल पंपावर वैधमापन खात्याचा शिक्का असतो, तो आपण लहानपणापासून बघतो. वेग मोजणारं रडारही शेवटी एक मापच. तरी त्याच्यासाठी वेगळे नियम झाले ते अलीकडे. १ जुलै २०२५ पासून ते लागू झाले आणि आता या रडारचीही पडताळणी करून त्यावर शिक्का बसायला हवा. मोटार वाहन नियमांतला १६७-अ हा ऑगस्ट २०२१ चा नियमही सांगतो की कॅमेऱ्याला राज्यानं नेमलेल्या अधिकाऱ्याचं मंजुरीपत्र हवं आणि ते दर वर्षी नव्यानं घ्यावं. वाण्यानं पाव किलोमागे दहा ग्रॅम मारले तर आपण भांडतो. दोन हजारांच्या चलानाला तराजूचा शिक्का विचारायला काय हरकत आहे?

हो की नाही

नियंत्रण कक्षात मला सोडलं ते कुठला कक्ष हे न लिहिण्याच्या अटीवर. थंडगार खोली, भिंतभर पडदे. मला वाटलं होतं सगळे त्या भिंतीकडे बघत असतील. तिकडे कुणीच बघत नव्हतं. प्रत्येक जण आपापल्या समोरच्या पडद्यावर, एकेका फोटोत गढलेला.

तिथली एक मुलगी, वय चोवीस-पंचवीस, जवळच्याच गावातली. तिच्या शेजारी खुर्ची टाकून दिली. पडद्यावर डावीकडे गाडीचा पूर्ण फोटो, उजवीकडे फक्त नंबरपाटी मोठी करून, खाली यंत्रानं वाचलेला नंबर, वेग, जागा, तारीख, वेळ. तिनं बघायचं आणि ठरवायचं.

पहिला फोटो पांढऱ्या मोटारीचा, पाटी स्वच्छ. हो. दुसऱ्यात पाटीवर चिखल, यंत्रानं '८' वाचलं होतं. "मॅडम, हा तीन पण असू शकतो. रिजेक्ट." तिसऱ्यात चालकानं काळा शर्ट घातलेला, सीटबेल्ट नाही असं यंत्राचं म्हणणं. तिनं फोटो मोठा केला, उजेड वाढवला, खांद्यापाशी एक बारीक तिरकी रेघ दिसली. "लावलाय बेल्ट. यंत्राला काळ्यावर काळं दिसत नाही." रिजेक्ट. चौथा फोटो एका टेम्पोचा. पाटीवर आकडे देवनागरीत आणि असे वळवलेले की त्यातून 'दादा' वाचावं. ४१४१ चा दादा आणि इंग्रजी 8055 चा बॉस आपल्याकडे गल्लोगल्ली दिसतात. माणसाला ते कळतं, यंत्राला कळत नाही, आणि नेमका तोच टेम्पो कॅमेऱ्यातून सुटतो.

मी घड्याळ लावून बघितलं. सोप्या फोटोला सात-आठ सेकंद, संशयाच्या फोटोला अर्धा-पाऊण मिनिट. मधूनच ती डोळे मिटून बसायची. "शेवटच्या तासात सगळ्या पाट्या सारख्या दिसतात," ती म्हणाली.

आता थोडा हिशेब. द्रुतगती मार्गावर या यंत्रणेनं पहिल्या वर्षभरात २७ लाखांहून जास्त चलानं काढली. म्हणजे दिवसाला सरासरी साडेसात हजार. एका फोटोला वीस सेकंद धरले तरी रोजचं बेचाळीस तासांचं काम होतं. सहा माणसांनी सात-सात तास डोळा न हलवता बसायचं, आणि यात बाद केलेले फोटो धरलेलेच नाहीत. कॅमेरे किती लावले याची बातमी होते, फोटो बघायला माणसं किती बसवली याची होत नाही. पण चलान खरं की खोटं हे त्या खुर्चीवरच ठरतं. ती माणसं पुरेशी आहेत का, त्यांना सुट्टी मिळते का, 'रिजेक्ट' जास्त केले म्हणून त्यांना कुणी बोलतं का, हे प्रश्न कॅमेऱ्याच्या किमतीइतकेच महत्त्वाचे आहेत.

स्कूटर नाशकात, चलान भलतीकडे

हे माझ्या घरातलंच. माझा मावसभाऊ नाशिकला असतो. त्याच्या निळ्या स्कूटरच्या नावावर एका लांबच्या शहरातून वेगाचं चलान आलं. त्या दिवशी स्कूटर त्याच्या बँकेच्या पार्किंगमध्ये होती. चलानातला फोटो उघडला तर त्यात काळी मोटरसायकल, पाटीवर नंबर मात्र त्याचा. कुणीतरी त्याचा नंबर लावून फिरत होतं.

त्यानं ऑनलाइन तक्रार केली. उत्तर नाही. मग तो त्या शहरात गेला, आरसी दाखवली, स्कूटरचे फोटो दिले, अर्ज लिहिला. "साहेब सुट्टीवर आहेत" हे ऐकून परत आला. तीन फेऱ्या आणि चार महिने झाल्यावर चलान रद्द झालं. दंड भरून टाकला असता तर स्वस्तात पडलं असतं, पण तो हट्टी आहे. "मी केलंच नाही ते मी का कबूल करू?" त्याचं म्हणणं मला पटतं.

'वाहन' नावाच्या सरकारी नोंदवहीत प्रत्येक गाडीची कंपनी, मॉडेल, रंग लिहिलेला असतो. फोटो तपासणाऱ्याच्या पडद्यावर नंबराशेजारी 'निळी स्कूटर' एवढे दोन शब्द उमटले असते, तर ती काळी मोटरसायकल तिथेच अडली असती. हे अवघड नाही. माहिती सरकारचीच आहे, पडदाही सरकारचाच.

नोंदवहीचं दुसरं दुखणं आपल्याकडचं आहे. गाडी विकली, पैसे घेतले, सह्या करून कागद एजंटाच्या हाती दिले की आपण मोकळे झालो असं समजतो. नाव बदललंच नाही तर पुढची चलानं जुन्या मालकालाच येत राहतात. कित्येकांनी गाडी घेताना दिलेला मोबाईल नंबर केव्हाच बंद झालेला असतो, शोरूमवाल्यानं भलताच नंबर टाकलेला असतो. मेसेज जातो, पण पोचत नाही. नियम १६७-अ म्हणतो की नियमभंगाची नोटीस पंधरा दिवसांत पाठवावी. तिच्यात फोटो, मोजलेला वेग, जागा, वेळ, कलम आणि पुराव्याचं प्रमाणपत्र असावं. कागदावर हा नियम उत्तम आहे. पण ती नोटीस तीन वर्षांपूर्वी बंद पडलेल्या नंबरावर गेली, तर तिचा उपयोग काय?

नऊ रुपयांतला एक

पहिल्या वर्षातल्या त्या चलानांची रक्कम ४७० कोटींच्या घरात गेली. वसूल झाले सुमारे ५१ कोटी. नऊ रुपयांतला जेमतेम एक रुपया आला.

याचा अर्थ लोक बेपर्वा आहेत, असा चटकन काढता येईल. मला तो अर्धाच वाटतो. ज्याला चलान कळलं नाही तो भरणार नाही. ज्याला ते चुकीचं वाटतं आणि दाद मागायला दार सापडत नाही तोही भरणार नाही. ज्याला पुढेमागे लोकअदालतीत तडजोड होईल अशी आशा आहे तो थांबून राहतो. आणि ज्यानं वेळेवर भरलं त्याला, आपण उगाच भरलं, असं वाटायला लागतं. या शेवटच्या माणसाचं नुकसान सगळ्यात मोठं आहे, कारण नियमावर विश्वास ठेवणारा तोच आहे.

जुलै २०२५ मध्ये राज्यातल्या वाहतूकदारांनी ई-चलानाच्या विरोधात संप पुकारला. त्यांच्या सगळ्या मागण्या मला मान्य नाहीत. थकलेली चलानं सरसकट माफ करणं म्हणजे नियम पाळणाऱ्याच्या तोंडावर मारणं. पण सुनावणीची जागा हवी, ठरलेल्या दिवसांत निकाल हवा आणि दंड चुकीचा निघाला तर तो आपोआप परत मिळावा, एवढी मागणी रास्तच आहे.

ठेक्याचाही प्रश्न आहे. जगभर असे कॅमेरे बहुधा खासगी कंपन्या बसवतात आणि चालवतात. अमेरिकेच्या केंद्रीय वाहतूक खात्याच्या २००८ च्या मार्गदर्शिकेत याबद्दल स्पष्ट सल्ला आहे की कंपनीला पैसे यंत्रांचे आणि सेवेचे द्यावेत, चलानांच्या संख्येवर देऊ नयेत. कारण उघड आहे. दर चलानामागे पैसे मिळणार असतील तर रस्ता जितका सुधारेल तितका ठेकेदाराचा तोटा. असा करार कुठल्याही राज्यानं करू नये आणि जो केलाय तो लोकांसमोर ठेवावा.

मोजायचं काय

केरळनं जून २०२३ मध्ये एकदम ७२६ कॅमेरे सुरू केले. महाराष्ट्रही समृद्धी महामार्गावर ही यंत्रणा नेतो आहे. तिथे ताशी १२० ची मर्यादा आणि सातशे किलोमीटरचा सरळसोट रस्ता आहे. १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ त्याच रस्त्यावर बस पेटून २५ माणसं गेली, हे विसरता येत नाही.

कॅमेऱ्यांनी जीव वाचतात का? वाचतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग एक टक्का वाढला तर प्राणघातक अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. ३५ अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेनच्या २०१० च्या आढाव्यात, कॅमेरे लावलेल्या ठिकाणी मृत्यू आणि गंभीर दुखापतीचे अपघात ११ ते ४४ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. म्हणून कॅमेरे काढा म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी नाही.

पण याच द्रुतगती मार्गावर २०१६ साली १५१ माणसं मेली होती. त्या वर्षी रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस, सेव्हलाइफ फाउंडेशन आणि महिंद्र यांनी एक मोहीम हाती घेतली. उघड्या खांबांना कठडे लावले, रस्त्याकडेला थांबणारे ट्रक हलवले, अपघात का झाला हे जागेवर जाऊन तपासलं. २०२० पर्यंत मृत्यू ६६ वर आले. त्या वर्षी टाळेबंदी होती हे खरं, पण उतरण आधीपासूनच सुरू होती. त्या लोकांनी दर वर्षी मेलेल्या माणसांचा आकडा समोर ठेवून काम केलं.

आज कॅमेऱ्यांच्या यंत्रणेचं यश सांगताना आधी चलानांचा आकडा येतो, मग कोटींचा. माझी मागणी उलट क्रमाची आहे. प्रत्येक कमानीच्या पुढच्या-मागच्या टप्प्यात आधी किती माणसं मेली आणि आता किती मरतात, हे दर सहा महिन्यांनी जाहीर करा. किती फोटो बाद केले, किती तक्रारी आल्या, किती दिवसांत निकाली काढल्या, तेही त्याच पानावर द्या. जिथे चलानं उदंड आणि मृत्यू तितकेच, तिथली पाटी, उतार किंवा वेगमर्यादा चुकते आहे असं समजून अभियंत्याला पाठवा. मालकाला जाणारा फोटो चालकालाही मिळावा, अशी सोय करा.

कळंबोलीला उतरल्यावर चहाच्या टपरीवर दादांच्या ट्रेलरचा नंबर घालून मी माझ्या फोनवर थकलेली चलानं शोधली. तीन निघाली. एकाचा फोटो उघडला. पावसाळी सकाळ, ओला घाट, ट्रेलर अगदी ओळखीचा. वेग ५३. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ बघितलं.

"ह्यो मीच हाय," ते म्हणाले. "पावसात त्रेपन्न म्हंजी जास्तच झालं. हे तवाच दावलं आसतं तर बरं झालं आसतं."

त्या फोटोवरची तारीख पाच महिन्यांपूर्वीची होती.